सुजलेली पोटरी: सेंटरवर डॉपलर की दवाखान्यातच एआयच्या मदतीने तपासणी?

एकच पोटरी सुजली, दुखतेय, हात लावला तर गरम लागतेय, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्याच्या शंकेने डॉक्टर डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लिहून देतात. रेडिओलॉजिस्ट जांघेपासून खालपर्यंत शिरा तपासतो आणि गुठळी नसेल तर सुजेचं दुसरं कारणही बऱ्याचदा सापडतं. अडचण वेळेची आहे. ठाण्यात सेंटर गल्लोगल्ली आहेत, पण शहापूर-मुरबाडकडच्या पेशंटला एसटी धरून यावं लागतं, आणि तोवर गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

एआयचा मार्ग वेगळा आहे. दवाखान्यातच सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा भाग, जांघेत आणि गुडघ्यामागे ठेवायचा. कुठे सरकवायचा, कधी दाबायचा हे सॉफ्टवेअर स्क्रीनवर सांगतं. निरोगी शीर दाबताच पूर्ण चपटी होते, शेजारची धमनी मात्र गोलच राहते. शीर चपटी झाली नाही, तर आत गुठळीची दाट शंका. थिंकसोनोसारख्या कंपनीच्या पद्धतीत ही चित्रं दूरवरचा तज्ज्ञ पाहतो. पोटरीतल्या बारीक शिरा मात्र यात सुटू शकतात.

परदेशात हा प्रोब नर्सच्या हाती देतात. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मशीन आणि जागा दोन्हींची नोंदणी लागते, चालवणाराही पात्र डॉक्टरच हवा. मला हे बंधन योग्यच वाटतं.

म्हणून ठाणे शहरात मी डॉपलरच सुचवेन. ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टरच्या हाती एआय यावं, असं मनापासून वाटतं. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर कुठल्याच तपासणीची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.