पंचाहत्तरीची गौरविका की हिच्यासाठी एक वही?

हिला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा घरात दोन मतं पडली. घणसोलीची लेक म्हणाली, "बाबा, आईची गौरविका काढूया, सगळ्यांच्या लेखांची पुस्तिका." मुलाचं म्हणणं, आईला बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करू. माझ्या मनात तिसरंच होतं. शेवटी वर्षभरात गौरविका, मानपत्र, ध्वनिमुद्रण आणि हाताने लिहिलेली वही असे चारही प्रकार झाले. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आयुष्याबद्दल ते माणूस हयात असताना लिहायचं ज्यांनी मनावर घेतलं आहे, त्यांना कुठून सुरुवात करावी हे ठरवायला याचा उपयोग व्हावा.

हयात असताना, हे महत्त्वाचं. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले आणि रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक १९१० साली आलं. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं १९९० साली, तेव्हा पु. ल. होते. दोन्ही पुस्तकं मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणून पुन्हा वाचली, आणि आपल्याला सुनीताबाईंच्या वाटेने जायचं आहे हे पक्कं झालं. वाचून "असं नव्हतं हो झालं" म्हणणारं माणूस शेजारच्या खोलीत बसलेलं असलं की लिहिताना हात जपून चालतो, आणि खरा चालतो.

मानपत्राचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात निवडण्यासारखं फार नाही. अडीचशे-तीनशे शब्द, एक पान, फ्रेम करून भिंतीवर. सभागृहात वाचायला तीन मिनिटं पुरतात. समारंभ असेल तर करावं. पण मानपत्रात जोडीदाराला "आपण" म्हणावं लागतं, आणि पन्नास वर्षांच्या संसारानंतर ते माझ्या तोंडून निघेना. आमचं मानपत्र शेवटी लेकीने लिहिलं.

गौरविकेला सगळ्यांत जास्त वेळ गेला. नातेवाईक, सोसायटीतल्या बायका, हिच्या ऑफिसच्या मैत्रिणी अशा बावीस जणांना लेख मागितले. पहिले आले ते सगळे सारखेच: प्रेमळ, कष्टाळू, सदा हसतमुख. मग लेकीने युक्ती केली. "आठवण लिहा" असं सांगायचं सोडून तिने प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवला: आई तुमच्यावर कधी रागावली होती? त्यानंतर जे आलं त्यात माझी बायको दिसायला लागली. हे तुम्हीही नक्की करा.

बाकी व्यवहार असा. लेख मागायला किमान पाच महिने हातात ठेवा. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत मोजतात, म्हणून पानं ४८ किंवा ६४ अशी बसवली की कागद वाया जात नाही. शंभरच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी, ऑफसेट मोठ्या संख्येलाच परवडतं. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर वाचताच येत नाही, आणि पुढेमागे नातवंडांना तो उघडून बघायचा असेल. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. मुद्रितं स्वतः दोनदा तपासा.

गौरविका छान झाली. नौपाड्यात छोटा समारंभ झाला, हिचे डोळे भरून आले. पण एक गोष्ट त्यात नाही. संसाराच्या सुरुवातीला हिच्या पगारातून घरातल्या एकाचं मोठं काम निभावलं होतं. मी ते माझ्या लेखात लिहिलं होतं. हिने मुद्रितावर आडवी रेघ मारली. "त्यांना वाचून काय वाटेल?" एवढंच म्हणाली. मला ते पटलं. ऐंशी प्रती ऐंशी घरांत जाणार, म्हणजे ऐंशी घरांत सांगता येईल तेवढंच त्यात येणार. कुणाचं काम आणि कसलं, ते मी इथेही सांगत नाही.

ध्वनिमुद्रणाला मी आधी नाक मुरडलं होतं, ते चुकलंच. ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती, परगावचे कॉल जोडून द्यायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पी. पी. ही त्या कॉलच्या प्रकारांची नावं मी घरात ऐकलेली, पण तिच्या खुर्चीवरून काय ऐकू यायचं ते कधी विचारलंच नव्हतं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये बोलून वेळ संपल्याचं सांगायचं असा नियम. मुलाने विचारल्यावर ती म्हणाली, "कुणी गेल्याचा कॉल असला की मी सांगायचे नाही. रडून झालं की आपणच फोन ठेवायचे ते." पन्नास वर्षं मी या बाईशेजारी जेवलो आणि हे मला मोबाइलच्या रेकॉर्डिंगमधून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा जोडीदाराची तब्येत नाजूक असेल, विसरभोळेपणा सुरू झाला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात रेकॉर्डिंगला बसा. दुपारी, पंखा बंद करून, चाळीस मिनिटांच्या वर नाही. प्रश्न मुलांनी किंवा नातवंडांनी विचारावेत. मी विचारले की ही "तुम्हाला माहितीय की" म्हणून पुढे जायची. फाइल दोन ठिकाणी ठेवा. उतरवून काढायला मात्र चिकाटी लागते, मला एका तासाच्या बोलण्याला साडेचार तास लागले. मोबाइलवर मराठी बोलून टाइप करता येतं, पण विरामचिन्हं बरेचदा आपल्यालाच घालावी लागतात आणि नावं हमखास चुकतात.

मात्र तुमच्याकडे वेळ असेल आणि एकच काही करायचं असेल, तर मी वही सांगेन. दोनशे पानी फुलस्केप, खर्च जवळपास नाहीच. मी फक्त उजव्या पानावर लिहितो, डावं पान हिच्यासाठी कोरं ठेवतो. आठवड्याला एक पान, तारीख घालून. प्रत एकच, वाचणारी एकच, त्यामुळे गौरविकेतून कापलं गेलेलं ते काम इथे पूर्ण आलं आहे, मी तेव्हा आभार मानले नव्हते तेही आलं आहे. मुलांना वही कधी दाखवायची ते ही ठरवेल. पहिले तीन आठवडे डावी पानं कोरीच राहिली. मी काही बोललो नाही.

आम्ही चाळीतून ब्लॉकमध्ये राहायला आलो तो दिवस मी चौथ्या आठवड्यात लिहिला. तलावपाळीवरून टेम्पो आला, धो धो पाऊस होता, कपड्यांची ट्रंक भिजली. दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर हिचं अक्षर: "पाऊस नव्हता. मे महिना होता. टेम्पोत माठ फुटला म्हणून ट्रंक भिजली. माठ तुम्ही धरला होता." मी उजव्या पानावर काही खोडलं नाही, दोन्ही तसंच आहे. आता आम्ही १९८६ पर्यंत आलो आहोत, आणि हिचा मजकूर डाव्या पानात मावत नाही म्हणून मधे जादा कागद चिकटवावे लागतात.