युद्धाचं लांब धनुष्य की शिकारीचं आखूड?

लाकडी धनुष्य करून घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न लांबीचा. युद्धाचं ते उंच, शिकारीचं ते आखूड, असं सरसकट सांगितलं जातं. जुनी धनुष्यं पाहिली तर हा हिशेब जुळत नाही.

युद्धधनुष्यांचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ‘मेरी रोझ’. १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालेली ही इंग्लिश युद्धनौका १९८२ मध्ये वर काढली. तिच्यावरच्या धनुष्यांची लांबी १.८७ ते २.११ मीटर, सरासरी साडेसहा फूट. बाण साधारण ३० इंची आणि ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारं बळ, अभ्यासकांच्या अंदाजाने १०० ते १८५ पौंडांचं! एवढा जाड दांडा आखूड असता तर मोडलाच असता. ही धनुष्यं यू झाडाच्या लाकडाची; त्यात बाहेरचा फिकट थर ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. लांबी वाढली की वाक सगळ्या दांड्यावर वाटला जातो आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत ओढ एकदम ताठरत नाही. तोटाही आहे. धनुष्याच्या लांब भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) जड असतात, त्या हलवण्यातच थोडी शक्ती खर्ची पडते. जड बाणाला ते चालतं, हलक्याला नाही.

आता शिकारीकडे या. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा, बर्फात टिकून राहिलेला ‘ओत्झी’ नावाचा माणूस जेमतेम १.६० मीटर उंचीचा होता, आणि त्याचं अर्धवट घडवलेलं यूचं धनुष्य १.८२ मीटरचं! दुसरं टोक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतला इशी. त्याचं ज्युनिपरचं धनुष्य जेमतेम साडेतीन फुटांचं, ओढ ४५ पौंडांच्या आसपास. झुडपांतून सरपटत हरणाच्या जवळ जायचं, तर हेच सोयीचं. पण त्या धनुष्याच्या पाठीवर जनावराचे स्नायुतंतू चिकटवलेले होते, म्हणून ते टिकलं. नुसत्या लाकडाकडून ही अपेक्षा ठेवू नका.

म्हणजे लांबी ठरते ती तुम्ही दोरी किती इंच ओढता त्यावरून आणि लाकडाच्या कुवतीवरून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. तुम्ही मैदानात उभं राहून लक्ष्यावरच बाण सोडणार. मग आखूड धनुष्याचा हट्ट कशाला? साडेसहा फुटीच्या मागेही लगेच लागू नका. ते ३० इंची ओढीसाठी आणि वर्षानुवर्षं कसलेल्या पाठीसाठी आहे.

आधी हलक्या धनुष्यावर लांब बाण पूर्ण ओढा आणि मुठीपाशी खूण करायला कुणाला तरी सांगा. ते माप दुप्पट करा, त्यात त्याचा दहावा हिस्सा मिळवा: २८ इंची ओढीला साधारण ६२ इंच. ही झाली किमान लांबी. पहिलंच धनुष्य असेल तर मी आणखी पाच-सहा इंच ठेवायला सांगेन, कारण नवख्या हाताने घडवलेल्या दांड्यात वाक कुठेतरी कमीजास्त होतोच आणि ती चूक लांबी पोटात घेते.