ओलेड की मिनी-एलईडी : आधी खोली बघा, मग पॅनेल

टीव्हीच्या वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. एकजण रात्री दिवे मालवून सिनेमा बघतो, दुसऱ्याच्या हॉलमध्ये दिवसभर समोरच्या खिडकीतून ऊन येतं. दोघांनी वेगवेगळ्या पॅनेलची बाजू घेतली तर नवल नाही. त्यात नावांनी घोळ वाढवलाय. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे एलसीडीच, म्हणजे मागचा प्रकाश अडवून-सोडून चित्र दाखवणारा पडदा, फक्त तो प्रकाश एलईडीचा. ‘क्यूएलईडी’ वाचायला ओलेडचा भाऊ वाटतो, पण तोही एलसीडीच; क्वांटम डॉटच्या (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) थरामुळे त्याचे रंग शुद्ध होतात, काळा रंग सुधारत नाही. मिनी-एलईडीसुद्धा एलसीडीच, मात्र मागचे दिवे बारीक, संख्येने बरेच जास्त आणि गटागटाने मंद होणारे. खरा वेगळा तो ओलेड : प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, स्वतः विझतो.

काळ्या रंगात ओलेडशी स्पर्धाच नाही. एलसीडीचा पडदा मागचा प्रकाश पूर्ण अडवू शकत नाही. एलसीडीत व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार. व्हीए पॅनेलचा मूळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण 3000:1 ते 6000:1, आयपीएसचा जेमतेम 1000:1. पण आयपीएसवर बाजूला बसलेल्यालाही रंग बरे दिसतात, व्हीएवर ते फिके पडतात. काळ्या रंगातली उणीव भरून काढायला मिनी-एलईडीत डिमिंग झोन, म्हणजे वेगवेगळे मंद होणारे दिव्यांचे गट असतात, काही शे ते काही हजार. 4के पडद्यावर पिक्सेल मात्र सुमारे 83 लाख. म्हणजे 1000 झोन धरले तरी एका झोनच्या वाट्याला आठ हजारांहून अधिक पिक्सेल येतात. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं ते यामुळेच. ते लपवायला झोन फार मंद ठेवले, तर रात्रीच्या आकाशातल्या चांदण्याच गायब होतात. माहितीपत्रकावर ‘एचडीआर’ (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) लिहिलंय पण लोकल डिमिंगचा, म्हणजे या झोनचा, उल्लेख नाही, असा एलसीडी टीव्ही एचडीआर सिग्नल फक्त स्वीकारतो. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

उजेडात पारडं फिरतं. ओलेड छोट्या भागात 1000 निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पुढे जातो, पण पूर्ण पडदा पांढरा झाला की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी तो स्वतःच मंद होतो. बऱ्याच मॉडेलांवर 150 ते 300 निट्सपर्यंत. चांगला मिनी-एलईडी अशा वेळी 600 च्या वरही टिकतो. दिवसा मैदानी खेळ बघणाऱ्या घराला मिनी-एलईडीच घ्यावा, यात आम्हाला शंका नाही. क्यूडी-ओलेडचे, म्हणजे क्वांटम डॉटचा थर असलेल्या ओलेडचे, रंग सुरेख असतात, पण खोलीतला उजेड थेट पडद्यावर पडला की त्याचा काळा जांभळट-करडा दिसतो.

बर्न-इनची, म्हणजे पडद्यावर कायमचा डाग बसण्याची, भीती अर्धी खरी. ओलेडमधली सेंद्रिय द्रव्यं वापराने झिजतात आणि वाहिनीचा लोगो किंवा बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली, तर तिथली झीज वेगळी पडून डाग कायमचा बसतो. सिनेमे, मालिका असा मिश्र वापर असेल तर धोका कमी. एक चूक मात्र सर्रास होते : रिमोटने टीव्ही बंद केला की लगेच भिंतीवरचं बटणही बंद करायचं. झीज सावरणारी प्रक्रिया स्टँडबायमध्येच चालते, बऱ्याच मॉडेलांवर एकूण चारेक तास बघून झाल्यावर. वीजच तोडली तर ती होणार कशी?

एलसीडी अमर नसतो, त्याचं दुखणं वेगळं. मागच्या पट्ट्यांमधले एलईडी बहुधा एकापुढे एक सीरिजमध्ये जोडलेले असतात. एक तुटला की अख्खी पट्टी विझते. आवाज येतो, चित्र नाही, आणि टॉर्च मारून बघितलं तर चित्र अंधूक हलताना दिसतं : पॅनेल शाबूत, बॅकलाइट गेलेली. ती नेहमी 100 टक्क्यांवर ठेवली की हा दिवस लवकर येतो.

गतीबद्दल फारसं बोललं जात नाही. ओलेडचा पिक्सेल क्षणार्धात बदलतो, त्यामुळे गेमिंगला उत्तम. पण सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा त्यावर संथ पॅनमध्ये (कॅमेरा हळूहळू बाजूला फिरताना) अडखळल्यासारखा वाटू शकतो. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) अगदी खालच्या पायरीवर ठेवलं की काम भागतं.

आकाराचा हिशेब सोपा आहे : 30 अंशांच्या दृश्यकोनासाठी 55 इंची टीव्हीपासून सुमारे 2.3 मीटर, 65 इंचीपासून 2.7 मीटर.

दुकानात टीव्ही भगभगीत ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो. तो सिनेमा मोडवर आणायला सांगा आणि पेन ड्राइव्हवर दोन चित्रं न्या. काळ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे वलय कळेल. आणि सपाट करडा रंग, म्हणजे पट्टे-डाग कळतील. मग बाजूला सरकून बघा. शेवटी मागचे पोर्ट मोजा. अनेक टीव्हींवर चारांपैकी दोनच एचडीएमआय पोर्ट 4के 120 हर्ट्झ (सेकंदाला 120 फ्रेम, नव्या गेमिंग कन्सोलसाठी) चालवतात आणि काहींवर ईएआरसी, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारी सोय, त्यातल्याच एकावर असतो. साउंडबार लावला की दोन कन्सोलपैकी एकाला जागा उरत नाही.