बी.एड. आधी की एम.ए. (शिक्षणशास्त्र)? दोन्हीकडे अर्ज केलेल्याचा अनुभव

पदवी झाली आहे, शिकवण्यात मन रमतं आणि आता पुढची दोन वर्षं कुठे घालवायची हे ठरत नाही. एकीकडे राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाचा बी.एड.चा अर्ज, दुसरीकडे एखाद्या विद्यापीठाचा एम.ए. (शिक्षणशास्त्र) चा. मी यातून गेलो आहे. बी.एस्सी. नंतर दोन वर्षं एका सामाजिक संस्थेतर्फे जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावी-सातवीला गणित शिकवत होतो. तिसऱ्या वर्षी दोन्ही अर्ज भरले आणि दोन्हीकडे प्रवेश मिळाला. घरी आई-बाबांना दोन्ही सारखंच वाटत होतं, "शिक्षणातलंच काहीतरी." तेव्हा मलाही फरक धड सांगता येत नव्हता.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुम्हाला पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. पुढचं सगळं सहावीपासून वरच्या वर्गांचा विचार करणाऱ्यांसाठी आहे.

अर्जाच्या टप्प्यावर एम.ए. मला कितीतरी जास्त आवडलं होतं, हे मान्य केलंच पाहिजे. बी.एड.ची सीईटी म्हणजे ९० मिनिटांत १०० प्रश्न: बुद्धिमापन, सामान्यज्ञान, शिक्षक अभियोग्यता. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे थोडा सराव केलेल्याला जड जात नाही. नंतर कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या, महाविद्यालयांचा पसंतीक्रम देणारा ऑप्शन फॉर्म आणि दाखल्यांची धावपळ. नॉन-क्रिमीलेयरची मुदत आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच बघून ठेवा, माझ्या ओळखीतल्या दोघांची पहिली फेरी त्यातच गेली. पण या सगळ्या प्रवासात तुम्हाला शिक्षक का व्हायचंय, हे कोणीही विचारत नाही.

एम.ए.ला नेमकं तेच विचारतात. अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. मी ज्या विद्यापीठाची मुलाखत दिली तिथे पाऊण तास बोलणं झालं. मी शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कुरणशाळेविषयी बोललो. मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, हा त्यामागचा विचार. समोरच्या प्राध्यापिकांनी विचारलं, "मग तुमच्या तालुक्यात आज शाळा कुठे न्यावी लागेल?" मी ऊसतोडीच्या फडांचं नाव घेतलं आणि त्यावरच वीस मिनिटं गेली. बाहेर पडलो तेव्हा वाटलं, आपलं ठिकाण हेच.

अभ्यासक्रमातही तोच फरक जाणवतो. एम.ए.त शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अभ्यासक्रमाची रचना, धोरण, संशोधन यांना भरपूर वेळ मिळतो. तिथे शिकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींचं वाचन आणि लेखन दोन वर्षांत फार पुढे गेलं. चांगल्या निवासी एम.ए.चं काम बहुतेक इंग्रजीत चालतं, मराठी माध्यमातून आलेल्याला पहिलं सत्र अवघड जातं, पण ते निभावतं. बी.एड.चे तात्त्विक विषय त्या मानाने घाईत उरकल्यासारखे वाटतात. मुलं कशी शिकतात हे मांडणारे पियाजे, व्हायगॉट्स्की परीक्षेपुरते येतात. प्रात्यक्षिकाच्या वह्या, अहवाल, टाचणं यांचं लिखाण इतकं असतं की विचाराला वेळच उरत नाही. याची मला आजही खंत आहे.

मग मी बी.एड.ला का गेलो? एका कागदामुळे.

संस्थेत असताना दर जूनमध्ये गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून परवानगीपत्र आणावं लागायचं. अमुक व्यक्तीला अमुक शाळांमध्ये अमुक तारखेपर्यंत काम करू द्यावं, असं ते पत्र. दोन्ही वर्षी ते हाती पडायला जुलै संपत आला. तोवर मी शाळेच्या व्हरांड्यात. पत्र मिळाल्यावरही वर्गशिक्षक वर्गात हजर हवेत, ते बैठकीला गेले की माझा तास रद्द. मुलांची घटक चाचणी मी तपासायची नाही, पालकसभेत बोलायचं नाही. शिक्षकांनी मला वाईट वागवलं असं अजिबात नाही, नियम तसाच होता आणि परक्या माणसाच्या हाती मुलं द्यायची नाहीत हे योग्यच आहे. पण दुसऱ्या वर्षी सातवीतल्या एका मुलीचं अपूर्णांकांचं गाडं नुकतं कुठे सुरळीत लागलं होतं. फेब्रुवारीत पत्राची मुदत संपली. नवं पत्र आलं तेव्हा ती आठवीसाठी दुसऱ्या गावी गेलेली होती.

त्यानंतर मी दोन्ही पर्यायांना एकच प्रश्न लावला: हे केल्यावर वर्ग माझा होईल का?

एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही शैक्षणिक पदवी आहे, शिक्षक होण्याची व्यावसायिक अर्हता नाही. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरला, म्हणजे सहावी ते आठवीच्या, बसायलाच डी.एल.एड., बी.एड. यांसारखी पात्रता लागते. दोन वर्षं शिक्षण याच विषयाचा अभ्यास केलेल्या माणसाला त्या जोरावर शिक्षक पात्रता परीक्षा देता येत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे तसं आहे. नववी-दहावीलाही बी.एड. मागतातच. अनुदानित शाळेत जायचं तर पुढे अभियोग्यता चाचणी आणि पवित्र हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल आहेच, आणि तिथे भरतीची वाट किती बघावी लागेल याची हमी बी.एड.ही देत नाही. एम.ए. केलेले माझे मित्र चांगल्या कामांत आहेत: पाठ्यसाहित्य, शिक्षक प्रशिक्षण, संस्थांचे प्रकल्प. पण दर जूनमध्ये त्यांच्यातले बरेच जण त्याच परवानगीपत्राच्या मागे असतात. तुम्हाला तशाच कामाची ओढ असेल, तर तुमच्यासाठी एम.ए. बरोबर आहे आणि माझं मत बाजूला ठेवायला हरकत नाही.

बी.एड.ने मला दुसरी एक गोष्ट दिली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोटा सराव), सेतू पाठ (ती कौशल्यं जोडणारा छोटा पाठ), सराव पाठ असं करत तुम्ही तिथवर जाता आणि मागच्या बाकावर कोणीतरी तुमचा पाठ बघत बसलेलं असतं. माझ्या एका पाठाला निरीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी वहीत आशयाबद्दल काहीच लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: "खिडकीच्या उजेडाने फळा चमकतो. डावीकडच्या तीन बाकांना उजवी बाजू दिसत नाही. उद्या पाठाआधी तिथे बसून पाहा." दुसऱ्या दिवशी बसलो. खरंच काही दिसत नव्हतं. संस्थेतल्या दोन वर्षांत मी किती मुलांना असं न दिसणाऱ्या फळ्यावर गणित शिकवलं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. आजही नवीन वर्ग मिळाला की आधी चारही कोपऱ्यांतल्या बाकांवर बसून येतो. एम.ए.च्या वाचनाने मी चांगला विचार करायला शिकलो असतो, पण त्या बाकावर मला कोणी बसवलं असतं असं वाटत नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब, जी बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. एम.ए. नंतर करता येतं, नोकरी सांभाळूनही. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एम.ए. (शिक्षणशास्त्र) कोणत्याही पदवीधराला खुलं आहे, मी स्वतः आता तेच करतो आहे आणि जे वाचन तेव्हा हुकलं ते आता रात्री बसून करतो. उलट दिशेने ही सोय नाही. इग्नूचं किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ बी.एड. शिक्षकाचं प्रशिक्षण आधीच घेतलेल्यांसाठी, मुख्यतः सेवेतल्या शिक्षकांसाठी असतं. बाकीच्यांना नियमित बी.एड.लाच जावं लागतं आणि त्याला हजेरी लागते. तिशी उलटल्यावर, घरची जबाबदारी अंगावर असताना दोन वर्षं रोज महाविद्यालयात जाणं किती जणांना जमेल?

काही जण म्हणतात की २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पदव्युत्तर पदवीवाल्यांना एका वर्षाचं बी.एड. आहे, मग आधी एम.ए. उरकलेलं बरं. ते वाक्य नीट वाचा. ज्या विषयात पदव्युत्तर पदवी आहे, त्याच विषयाचा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ती सोय सुचवली आहे. शिक्षणशास्त्र हा सहावी ते दहावीच्या वेळापत्रकातला विषय नाही. निदान मी तरी त्या भरवशावर दोन वर्षं टाकली नसती.

बी.एड.कडे तुमचा कल झाला, तर ऑप्शन फॉर्म भरण्याआधी यादीतल्या महाविद्यालयांत स्वतः जाऊन या. "रोज आलं नाही तरी चालेल" असं जिथे प्रवेशाआधीच सांगतात, ते नाव यादीतून काढा. घराजवळच्या एका महाविद्यालयात मला हे अगदी प्रेमाने सांगितलं गेलं होतं, आणि मी ३५ किलोमीटरवरचं निवडलं. नियमाप्रमाणे तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत काढायच्या त्या आठवड्यांना, ९० टक्के हजेरी लागते. ती माफ झाली तर मागच्या बाकावरचं माणूसही माफ होतं. आंतरवासितेसाठी कोणत्या शाळा मिळतात, पाठ बघायला रोज कोण येतं, हे दोन प्रश्न कार्यालयात न विचारता दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. दुपारच्या सुट्टीत गेलात तर ते भेटतात. जमलं तर एखादीची निरीक्षण वही मागून पाहा. प्रत्येक पानावर "छान" एवढाच शेरा आणि सही असेल, तर पुढचं महाविद्यालय बघा.