हीट नंबर न बघता घेतलेला प्रवेश

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि चार माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते ज्या एका वेळच्या वितळवलेल्या धातूतून ओतलं त्याचा क्रमांक, असतो आणि सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर तोच नंबर लागतो. कधी कधी सर्टिफिकेट अगदी अस्सल असतं, सही-शिक्का सगळं बरोबर, पण असतं दुसऱ्याच हीटचं. मग माल परत. बावीस वर्षं हे काम करतोय. आणि मुलीच्या प्रवेशाच्या वेळी नेमका हाच घोळ माझ्या नजरेतून सुटला. ९० हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच, पण पोरीचं वर्ष गेलं.

२०२४ च्या जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, एमएचटी-सीईटीचा निकाल लागला. तिला ८६ पर्सेंटाइल. पाहुण्यांनी ८६ टक्के समजून पेढे मागितले. मलाही तेव्हा फरक नीट माहीत नव्हता. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, शंभरातली साधारण ८६ मुलं तुमच्या मागे आहेत एवढंच ते सांगतं. परीक्षेला बसलेली मुलं लाखांत, त्यामुळे पुढे असणाऱ्यांचा आकडाही हजारांत जातो. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणं अवघड होतं आणि पोरीला कॉम्प्युटरच हवं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. नंबर कुठून मिळाला, देव जाणे. त्यातल्या एकाचं बोलणं बरं वाटलं. 'काका, टेन्शन घेऊ नका, आधी येऊन तर बघा, सल्ल्याचे पैसे नाहीत,' म्हणाला. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार, एसी, भिंतीवर शाहू महाराजांचा मोठा फोटो. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम शांत.

त्यानं आमच्यापुढं लॅमिनेट केलेला तक्ता ठेवला. तीन विद्यापीठं, तिन्हीकडं कॉम्प्युटर सायन्स. पहिलं पुण्याचं, फी वर्षाला पावणेचार लाख. दुसरं दुसऱ्या राज्यातलं, फी त्याहून कमी पण हॉस्टेल, मेस, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. तिसरंही परराज्यातलंच, पण 'त्याचं कोल्हापूर सेंटर आहे. पहिली दोन वर्षं इथंच, घरचा डबा खाऊन, आणि मग मेन कॅम्पस. फी १ लाख ४५ हजार.'

आम्ही आठवडाभर त्या तक्त्यावर डोकं घासलं. फी, प्लेसमेंट, नॅकची (संस्थेचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेची) श्रेणी, कॅम्पसचे फोटो. पोरगी दोन-दोन तास मोबाइलवर व्हिडिओ बघायची. आपण अगदी बारकाईनं निवड करतोय असं वाटत होतं. आता कळतंय की निवड त्यानं केली होती, आम्ही फक्त मान डोलावली. महाद्वार रोडला साडी घ्यायला गेल्यावर दुकानदार आधी झेपणार नाही अशी काढतो, मग आवडणार नाही अशी, आणि मग जी खपवायची तीच हळूच मांडीवर टाकतो. तिन्ही साड्या त्याच्याच कपाटातल्या. तक्त्यात सात रकाने होते. पदवी कोण देणार आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे दोन रकानेच नव्हते.

हिनं एकदाच विचारलं, 'अवो, पावतीवर त्या विद्यापीठाचं नाव का न्हाई?' पावती कुठल्याशा फाउंडेशनची होती. मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. हे वाक्य माझ्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

२६ जूनला शाहू जयंती. त्या दिवशी बुकिंग केलं तर ५ हजारांची सवलत. मी २५ हजार मोबाइलवरून पाठवले. जुलैत ६५ हजार रोख दिले, कारण 'ऑनलाइन घेतलं तर जीएसटी लागतो काका.' पदवीच्या शिक्षणाच्या फीवर जीएसटी नसतो, हे माझ्या सीएनं नंतर सांगितलं. स्वतः महिन्याच्या महिन्याला जीएसटी भरणारा मी, एवढं साधं विचारावंसं वाटलं नाही.

एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तो माणूस सरळ खोटं फार कमी बोलला. मी विचारलं होतं की एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे का. तो म्हणाला, विद्यापीठाला लागत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. आणि २००१ चा तसा निकाल खरंच आहे: विद्यापीठाला स्वतःच्या विभागात तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही, दर्जाचे निकष मात्र पाळावे लागतात. पण तो विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांबद्दल आहे, राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांबद्दल नाही. नॅकचं प्रमाणपत्र दाखवलं, तेही खरं. विद्यापीठही खरं, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे. फक्त आमच्या पुढ्यातल्या मालाशी त्यातल्या एकाही कागदाचा संबंध नव्हता. सर्टिफिकेट अस्सल, हीट दुसरी.

जुलैत सरकारनं जाहीर केलं की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आमच्याकडं उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा, दोन्ही दाखले तयार होते. मी त्याला फोन केला. 'आपल्याकडंही लागू होणार, फॉर्म आम्हीच भरतो.' ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून आलेल्या मुलींना आहे, आणि खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. पुढं ऑगस्टमध्ये कॅपच्या फेरीत तिला कोल्हापुरातच इलेक्ट्रॉनिक्स लागलं. घरापासून एक बस. हजार रुपये भरून जागा धरून ठेवता आली असती. आपलं कॉम्प्युटर पक्कं आहे म्हणून आम्ही ती स्वीकारलीच नाही.

सेंटर सुरू झालं. अकरा मुलं, सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन बंद. एक सर येऊन सी लँग्वेज शिकवायचे, झेरॉक्सच्या नोट्सवरून. गणिताला सप्टेंबरपर्यंत कुणी आलंच नाही. पोरीनं पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, मागितला की उत्तर ठरलेलं, 'सिस्टिममध्ये अपडेट होतंय.' तिनं मला दोनदा सांगितलं, 'पप्पा, इथं काहीतरी गडबड आहे.' मी म्हटलं, नवीन आहे, बसेल घडी.

घडी मोडली ती बँकेत. उरलेल्या ५० हजारांसाठी आणि पुढच्या वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज घ्यायला गेलो होतो. कर्ज विभागातल्या मॅडमनी तीन कागद मागितले: विद्यापीठाच्या लेटरहेडवर प्रवेशाचं पत्र, विद्यापीठानं दिलेला चार वर्षांच्या फीचा तपशील आणि विद्यापीठाचा खाते क्रमांक. फीचे पैसे आम्ही थेट संस्थेच्या खात्यात भरतो, म्हणाल्या. मी फाउंडेशनची पावती पुढं केली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि हळू आवाजात विचारलं, 'काका, हे कोण?'

त्याच संध्याकाळी मी आमच्या गल्लीतल्या एका काकांकडं गेलो. शिवाजी विद्यापीठातून निवृत्त झालेत. त्यांनी पावती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला त्या राज्याच्या हद्दीबाहेर केंद्र काढता येत नाही. छत्तीसगडमध्ये एका कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली होती, त्या कायद्याची तीच कलमं २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली, तेव्हापासून हे स्पष्ट आहे. फ्रँचायझी देऊन पदवीचे वर्ग चालवायला यूजीसीची मनाईच आहे. मग त्यांनी यूजीसीच्या संकेतस्थळावरून त्या विद्यापीठाचा नंबर काढून दिला. माहितीपत्रकावरचा नंबर लावू नको म्हणाले, तो त्याच ऑफिसात वाजेल. दुसऱ्या दिवशी फोन लावला. पलीकडच्या माणसानं मुलीचं नाव विचारलं, दोन मिनिटं थांबवलं आणि सांगितलं, 'या नावाची नोंद नाही. महाराष्ट्रात आमचं केंद्र नाही.'

तोवर कॅपच्या फेऱ्या संपल्या होत्या.

पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक. मोबाइलवरून गेलेल्या २५ हजारांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण तीन महिने उलटून गेलेले. त्या नंबरवर पैसे गेल्यागेल्या काही तासांत कळवलं तर रक्कम मधेच गोठवता येण्याची शक्यता असते. ६५ हजार रोखीचे, त्यांचा पुरावा म्हणजे ती फाउंडेशनची पावती. तक्रार झाल्यावर त्या माणसानं दोन हप्त्यांत ३० हजार परत केले, 'मिटवून टाकू काका' म्हणत. बाकीचे अजून यायचेत.

आता उद्यमनगरात कुणाच्या पोराची बारावी झाली की चहाला माझ्याकडंच येतात. मी एवढंच विचारतो की पदवीवर नाव कुणाचं येणार आणि वर्ग कुठं भरणार. दोन्ही एकाच संस्थेचं नसेल तर ते कॉलेज त्या विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे विद्यापीठालाच विचारायचं, कॉलेजला नाही. कॉलेज असेल तर एआयसीटीईचं चालू वर्षाचं मान्यतापत्र मागायचं. त्यात शाखा आणि जागा लिहिलेल्या असतात. नॅक संस्थेला असतं आणि एनबीए नावाचं मानांकन एकेका अभ्यासक्रमाला, तेव्हा 'आमचं कॉलेज एनबीए' म्हटलं की कॉम्प्युटरला आहे की मेकॅनिकलला, हे विचारा. प्लेसमेंटमध्ये सगळे सर्वांत मोठं पॅकेज छापतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे द्यावं लागतं. तो मधला आकडा बघितला की बरीच हवा उतरते. मॅनेजमेंट कोट्यात सीट 'काढून देतो' म्हणणारेही भेटतील. त्या जागांचीसुद्धा जाहिरात आणि गुणवत्ता यादी लावायची असते, आणि ठरलेल्या फीवर वरचे पैसे घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्यानं गुन्हा आहे. एवढं बोलेपर्यंत चहा गार होतो आणि समोरचा म्हणतो, व्हय खरं, पण तो माणूस लई चांगला वाटतोय.

पोरीनं पुन्हा सीईटी दिली. २०२५ च्या कॅपचा फॉर्म तिनं एकटीनं भरला, मला शेजारी बसू दिलं पण माऊसला हात लावू दिला नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. सकाळी मिरजेकडं जाणाऱ्या गाडीनं जाते. शिक्षण फी माफ आहे.

त्या अकरा मुलांपैकी आठ जणांनी तक्रार दिली. तिघांच्या घरच्यांनी दिली नाही. त्यातले एक जण माझ्या शॉपसमोरूनच रोज जातात आणि मान वळवून जातात. सेंटर व्यवस्थित चाललं होतं, मी पोलिसांत गेलो म्हणून बंद पडलं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचा मुलगा अजून पीआरएन नंबरची वाट बघतोय.