घरच्या पीसीला विकतचा अँटीव्हायरस घ्यायचा की विंडोजचा डिफेंडरच पुरे?

जळगावात गोलाणी मार्केटला पीसी फॉरमॅट मारायला नेला की परत घेताना एक प्रश्न ठरलेलाच, "भाऊ, अँटीव्हायरस टाकून देऊ का?" आणि आपण हो म्हणून मोकळे होतो, नाही म्हणायला भीती वाटते ना. माझं दोन्ही वापरून झालंय, आधी विकतचा आणि आता नुसता डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबत फुकट येतो तो, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. माझा कोणत्या कंपनीचा होता ते सोडा.

व्हायरस पकडायच्या बाबतीत मला तरी घरच्या वापरात काही फरक दिसला नाही. अँटीव्हायरस तपासणारे लॅबवाले काय म्हणतात तो भाग वेगळा, मी माझ्या टेबलावरचं सांगतोय. विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती काढणारे प्रोग्राम बघायचा, त्यामुळे "विंडोजचं फुकटचं काही कामाचं नाही" हे लोकांच्या डोक्यात बसलंय ते अजून निघत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पूर्ण अँटीव्हायरस आहे.

पीसी स्लो दोन्ही करतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास, त्यात जुनी हार्डडिस्क आणि मागे स्कॅन सुरू झाला की फॅन असा ओरडायचा की बाजूच्या खोलीत कळायचं. डिफेंडरही काही साधू नाही, टास्क मॅनेजर उघडून बघा, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल (हे डिफेंडरचंच) वरच बसलेलं दिसेल. हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकली आणि माझ्यापुरता हा विषय मिटला.

माझं ठरलं ते पॉपअपमुळे.

विकतच्याची मुदत संपायला महिना राहिला की उजव्या कोपऱ्यात लाल डबा यायला लागतो. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आत्ताच रिन्यू करा. बंद केला की तासाभराने परत. मुदत बाकी असली तरी व्हीपीएन घ्या, ट्यूनअप घ्या, काही ना काही चालूच. मी बंद करून कामाला लागायचो पण पीसी आप्पाही वापरतात, त्यांना प्रत्येक डबा खराच वाटायचा, मी कामावर असताना फोन, "अरे, कॉम्प्युटरला काहीतरी झालं वाटतं, लाल आलंय." मी सांगायचो काही नाही, दाबून टाका. असं करत करत त्यांना सवय लागली की लाल डबा आला म्हणजे तो आपल्याच अँटीव्हायरसचा.

आणि मग एक दिवस क्रोममधून तसाच डबा आला. तोच कोपरा, तोच लाल रंग, पाच व्हायरस सापडले म्हणे. कुठल्यातरी पंचांगाच्या साइटवर आप्पांनी नोटिफिकेशनला अलाऊ दाबलेलं होतं, ती साइट हे पाठवत होती. सवयीने मला फोन केला म्हणून बरं. पण खरं सांगतो, दोन्ही डबे शेजारी ठेवले असते तर मलाही पटकन सांगता आलं नसतं खरा कोणता. राखणदारच चोरासारखी हाळी द्यायला लागला तर म्हाताऱ्या माणसाने ओळखायचं कसं? डिफेंडर कधीच पैसे मागत नाही, त्यामुळे आता घरात नियम सोपा झालाय, पैसे किंवा फोन नंबर दिसला की तो डबा खोटा.

फुकटचे तिसऱ्या कंपन्यांचे पण आहेत, पण अव्हास्टने लोकांचं ब्राउझिंग जंपशॉट नावाच्या स्वतःच्याच कंपनीमार्फत विकलं, २०२० ला ती बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लागले. तेव्हापासून फुकटवाल्यांकडे मी जरा संशयानेच बघतो.

विकतचा एका ठिकाणी नक्की पुढे आहे, पेनड्राइव्ह. झेरॉक्सवाल्याकडून आलेला पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट दिसतात ना, तो व्हायरस माहितीच असेल. विकतचा पेनड्राइव्ह लावल्या लावल्या स्कॅन करू का विचारायचा. डिफेंडर फाइल उघडायला गेलं की तपासतो, अख्खा पेनड्राइव्ह बघायचा असेल तर राइट क्लिक करून आपणच स्कॅन मारायचा. घरी चालून जातं, दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात तिथे नाही चालत.

डिफेंडरवर राहायचं तर अपडेट बंद करून ठेवू नका बरं का. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याला अडवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, पीसीत ११ चालत असेल तर अँटीव्हायरसच्या आधी ते बघा. आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन सरसकट बंद करा, आमच्याकडे अर्धी कटकट तिथेच संपली.

झेरॉक्सचं, टॅलीचं दुकान असेल तर विकतचा घ्या, मी अडवणार नाही, फक्त दुकानातून बॉक्समधली लायसन्स-की घ्या, ऑनलाइन कार्ड जोडून घेतला तर पुढच्या वर्षी ऑटो रिन्यूत पैसे कटतात आणि तेही पहिल्या वर्षीच्या ऑफरच्या भावात नाही.