छोट्या घोडीसाठी गाडी आणि साज: लाकडी की लोखंडी, चामडी की सिंथेटिक?

डिचोलीच्या माझ्या मावसबहिणीने मिनिएचर, म्हणजे अगदी बुटक्या जातीचा घोडा घेतलाय. विकणारा सोबत लाकडी गाडी आणि चामडी साज असा पूर्ण संच देतो म्हणतो, आणि होकार आठ दिवसांत हवाय. ती दोन-तीनदा फोनवर विचारून झाली: संच घ्यावा, की साज वेगळा आणि गाडी वेगळी? मी तिला जे सांगितलं तेच सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे गोव्यात टांग्याची परंपरा नाही आणि या गोष्टी विचारायला जवळपास कोणी भेटत नाही.

माझं मत आधीच सांगते. साज घोड्याच्या मापाने घ्यायचा, आणि गाडी साजाच्या मापाने. संचात हा क्रम नेमका उलटा होतो.

आमची छोटी घोडी शेवंती फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत असते. उंची 33 इंच. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची मर्यादा 34 इंचांची आहे, आणि ती मोजतात पाठीच्या सुरुवातीला, जिथे आयाळीचे शेवटचे केस संपतात तिथे. वजन 92 किलो. सुपारीची पोती तोलतात त्या काट्यावर उभी करून घेतलेलं. हे दोन आकडे हातात नसताना गाडीचा विचारच करू नका.

आता गाडी. दोन प्रकार बघण्यासारखे आहेत. एक लाकडी, उंच बैठकीची, मागून चढायची. दिसायला फार देखणी. दुसरी लोखंडी पाइपची, बुटकी, बाजूने सहज चढता येणारी, जिला ‘ईझी एंट्री’ म्हणतात. चार चाकांची गाडी नवशिक्याने घेऊ नये. जड असते, आणि घोडा घाबरून मागे सरला तर पुढचा भाग आडवा वळून उलटते.

मला दोन्ही वापरून बघायला मिळाल्या. लाकडी 63 किलोची होती, लोखंडी 41. माझं वजन 58. म्हणजे लाकडी गाडीत शेवंतीमागे 121 किलो आणि लोखंडीत 99. सपाट डांबरी रस्त्यावर घोडा स्वतःच्या वजनापेक्षा बरंच जास्त ओढू शकतो, पण आपले रस्ते सपाट कुठे आहेत? चढ-उतार आणि जांभ्याचे खडे धरून मी तिच्या वजनाइतकीच मर्यादा पाळते. लोखंडी गाडीत मी त्या मर्यादेच्या जरा वर जाते, म्हणून चढावर उतरून सोबत चालते. लाकडी गाडीत हा हिशेब बसतच नाही.

पण वजनापेक्षा मोठा फरक तोलाचा आहे, आणि इथे थोडं थांबून सांगायला हवं. दोन चाकांची गाडी आसावर तोललेली असते. माणूस बसल्यावर घोड्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या दांड्यांवर, त्याच्या पाठीवरच्या गादीला त्या जिथे अडकतात तिथे, अगदी थोडा भार उरला पाहिजे. एक किलोच्या आसपास, फार तर दोन. तपासायचं कसं? कोणाला तरी गाडीत बसवा, दांड्या जमिनीला समांतर धरा आणि दोन बोटांवर उचलून बघा. बोटं दुखली तर तो सगळा भार पाठीवर पडणार. उलट दांड्या आपोआप वर जाऊ लागल्या तर पोटाखालचा तंग वर ओढला जाईल, आणि तेही तितकंच वाईट.

चढावर गाडी मागे कलते, माणसाचं वजन आसाच्या मागे जातं आणि दांड्या हलक्या होतात. उतारावर तेच वजन पुढे येतं आणि पाठीवर दाब वाढतो. बैठक आसापासून जितकी उंच, तितका हा झोल जास्त. म्हणून उंच लाकडी गाडी सपाट मैदानात राणीसारखी चालते आणि आमच्या घराच्या चढणीवर शेवंतीला पावलोपावली छळते. बुटक्या गाडीत हा फरक जाणवतो, पण आटोक्यात राहतो. डिचोलीतसुद्धा उतार काही कमी नाहीत.

लोखंडी गाडीही आली तशी चालली नाहीच. मी बसल्यावर दांड्या चार किलोने खाली दाबत होत्या. फोंड्यातल्या वेल्डरला दाखवली. त्याने दांडी बोटांवर तोलली, मला एकदा पुढे आणि एकदा मागे सरकून बसायला लावलं आणि म्हणाला, “बाय, गाडीत खोट नाही, सीट चार बोटं मागे हवी.” त्याने सीटखाली सरकती पट्टी बसवली. आता मी बसले तर एका भोकात, माझा भाचा बसला तर दुसऱ्या. लाकडी गाडीत ही सोय करायची तर सुतारकाम नव्याने करावं लागतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगतं, सांधे सैल होतात आणि वाळवीचं भय कायमचं.

चाकांबद्दल थोडक्यात: साध्या सायकलीचं चाक लावून मिळालं तरी घेऊ नका. वळताना सायकल कलते, गाडी कलत नाही, त्यामुळे तारांवर आडवा ताण येतो आणि चाक एक दिवस दुमडतं. हवेचा टायर मऊ चालतो पण काट्याने बसतो. भरीव टायर दणके देतो पण घरी परत आणतो. मी भरीव घेतला.

दांड्यांची लांबी बघा. टोक खांद्याच्या टोकाशी संपलं पाहिजे. त्यापुढे गेलं तर वळताना टोचतं. मागे पुठ्ठे आणि गाडी यांत फूट-दीड फूट मोकळं हवं, नाहीतर दुडकी चालीत मागचा पाय गाडीवर आपटतो.

साजाकडे येते. ओढायला गळ्यात घालायचं जाड कॉलर घ्यावं की छातीवरून जाणारा पट्टा? जड ओझ्याला कॉलर चांगलं, कारण दाब पसरतो. पण ते मानेच्या अचूक मापाचंच हवं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हिरव्या चाऱ्यावर ही छोटी घोडी बघता बघता सुटते, मान जाडावते. एप्रिलात बसलेलं कॉलर ऑगस्टात बसत नाही. हलक्या गाडीला छातीपट्टाच घ्या, दोन्हीकडे बकलांनी कमी-जास्त होणारा.

छातीपट्ट्याची एक अट आहे. चालताना घोड्याचे खांदे आळीपाळीने पुढे जातात, म्हणून ओढीचे पट्टे गाडीला थेट हुकात अडकवले तर पट्टा छातीवर घासत राहतो. पट्टे अडकवायला मधोमध फिरणारी आडवी दांडी हवी. तिला सिंगलट्री म्हणतात. छातीपासून त्या दांडीपर्यंत पट्टा सरळ रेषेत दिसला पाहिजे. दांडी फार खाली असेल तर छातीपट्टा खाली ओढला जाऊन खांद्याच्या सांध्यावर बसतो. फार वर असेल तर श्वासनळीवर चढतो. बहिणीला मिळणाऱ्या लाकडी गाडीत पक्के हुक आहेत. तिने पाठवलेल्या फोटोत तेवढं एकच बघून मी नाही म्हटलं.

चामडं की सिंथेटिक? चांगलं चामडं अंगाला धरून बसतं, वापरून मऊ होतं, आणि त्याचं रूप दुसऱ्या कशाला नाही. देशावर राहत असते तर मी तेच घेतलं असतं. पण गोव्याच्या पावसात चार दिवस हात लावला नाही की त्यावर हिरवट बुरशी येते. साबण, तेल, सावलीत वाळवणं हे दर आठवड्याला करणार असाल तरच घ्या. बुरशीपेक्षा धोका शिवणीचा: दोरा आतून कुजतो आणि नेमका ओढताना तुटतो. बायोथेन, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी, नळाखाली धुऊन टांगली की झालं. साधी नायलॉनची पट्टी मात्र टाळा. ओली झाली की ताणते आणि कडा कातडी सोलतात.

माझी स्वतःची चूक इथे सांगते. पहिला साज मी एका विक्रेत्याकडून ‘मिनी’ एवढंच वाचून मागवला. तंग लांब होता, मी जादा भोकं पाडून आवळला, आणि बकल नेमकं कोपरामागच्या पातळ कातडीवर आलं. तिसऱ्या दिवशी केस गेलेला रुपयाएवढा लाल डाग दिसला. घोडी काही बोलत नाही. ती फक्त साज दिसला की कान मागे टाकू लागली होती, आणि मला ते दोन दिवस कळलं नाही. त्यानंतर मी घेर, छाती, पाठ, शेपटीचं मूळ अशी मापं लिहून कानपूरला साज बनवून घेतला. कानपूरला घोड्यांच्या साजाचं काम पिढ्यानपिढ्या चालतं, मापं नीट दिली की काम नीट येतं.

बसवताना हाताने तपासा. तंगाखाली दोन बोटं सरळ जावीत आणि तो कोपरापासून तीन-चार बोटं मागे असावा. दुमचीची, म्हणजे शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याची गादी मऊ, शेपटीचा एकही केस तिच्यात अडकलेला नको. झापडांच्या मधोमध डोळा यावा, पापणीला स्पर्श नको. कडियाळ, म्हणजे तोंडात घालायची लगामाची कडी, साधारण साडेतीन इंची लागतं, पण तोंड मोजूनच घ्या.

पुठ्ठ्यांवरून जाणारा मागचा पट्टा, ब्रीचिंग, बरेच जण हलक्या गाडीला लागत नाही म्हणून सोडून देतात. आपल्याकडे सोडू नका. या गाड्यांना बहुधा ब्रेक नसतो, उतारावर गाडी घोड्यानेच अडवायची असते, आणि ती अडते या पट्ट्यावर. घोडी ओढत असताना पट्टा आणि पुठ्ठे यांत तीन-चार बोटं जागा राहावी. फार खाली बसला तर पाय उचलून धरतो, फार वर गेला तर शेपटीखाली चढतो.

उन्हाबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. 1965 च्या ओझ्याच्या जनावरांसाठीच्या केंद्रीय नियमांत 37 अंशांपेक्षा जास्त तापमान असेल तिथे दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायला बंदी आहे. गोव्यात पारा क्वचितच तिथवर जातो, पण दमटपणा घोड्याला जास्त थकवतो. घोडेवाले फॅरनहाइट तापमान आणि दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज करतात. ती 150 वर गेली की जपायचं. मे महिन्यात दुपारी 33 अंश, म्हणजे 91 फॅरनहाइट, आणि 70 टक्के दमटपणा: बेरीज 161. डिसेंबरच्या सकाळी ती 145 वर येते. शेवंतीची खरी गाडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते, बाकी महिने पंधरा-वीस मिनिटं, तीही उजाडताना.

बहिणीचा घोडा दोन वर्षांचा आहे. तीन पूर्ण होईपर्यंत गाडी जोडायचीच नाही, त्यामुळे आठ दिवसांच्या मुदतीत अडकायचं कारणच नाही. आता फक्त म्होरकी, लांब लगाम आणि मागून चालत हाकणं. वाढ थांबली की मापं घेऊन साज, आणि साज अंगावर बसला की फिरत्या सिंगलट्रीची, सरकत्या सीटची लोखंडी गाडी. तिला मी मापाची टेप घेऊन रविवारी येते म्हणाले आहे.